टाकीतलं पाणी बाहेर का येत नाही?

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरातल्या मोबाइलवर एकाच जातीचे व्हिडिओ फिरू लागतात. राजारामपुरीतला एखादा हॉल, मरून रंगाचा गालिचा, त्यावरून फिरणारं गालिचा धुण्याच्या यंत्राचं पारदर्शक तोंड आणि त्यातून धावणारं काळंकुट्ट पाणी. खाली मजकूर : ‘बघा, तुमच्या घरात किती घाण आहे!’ पाण्याचा रंग हा पुरावा म्हणून अगदीच भाबडा आहे. बादलीभर पाणी गढूळ करायला चमचाभर काळी माती पुरते आणि चपलांबरोबर ती आपल्याकडे घरात येतेच. पण माझी तक्रार वेगळी आहे. कॅमेरा नेहमी त्या तोंडापाशीच थांबतो. पाणी पुढे कुठे जातं ते कोणी दाखवत नाही आणि यंत्रातली सगळी गंमत तर तिथून पुढे सुरू होते.

यंत्र तसं साधं. एक पंप गरम पाणी आणि साबण गालिच्यात फवारतो. लगेच मागून व्हॅक्यूम मोटर ते मळकं पाणी हवेसकट खेचून टाकीत आणते. उचलून नेता येणाऱ्या यंत्रात ही टाकी साधारण ४० ते ६० लिटरची असते. मिनिटाला तीन-चार लिटर फवारलं तर पंधरा मिनिटांत ती भरत येते. मग दर पाव तासाला ५० किलो घाण पाणी बाथरूमपर्यंत वाहून न्यायचं कोणी? म्हणून टाकीत आणखी एक पंप बसवतात. तरंगणारा स्विच पाण्याबरोबर वर आला की पंप सुरू होतो, नळीने पाणी बाथरूममध्ये सोडतो आणि पातळी उतरली की थांबतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण मोटर चालू असताना या टाकीच्या बुडाला नुसतं भोक पाडलं तर पाणी खाली पडणार नाही. उलट बाहेरची हवाच बुडबुडे काढत आत शिरेल.

याचं कारण असं की हवेला काही ‘ओढता’ येतच नाही. मोटर टाकीतली हवा बाहेर फेकते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण गालिच्यातलं पाणी आत ढकलतं. सतराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीवर वातावरणाचा हा जोर मोजून दाखवला. समुद्रसपाटीला हवा सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून इथे हा आकडा ९.७ मीटरच्या आसपास येतो. पंचगंगेच्या काठी मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तक न उघडता ठाऊक असतं. पाण्यापासून सहा-सात मीटरच्या वर मोटर ठेवली की ती नुसती फिरते, पाणी उचलत नाही.

आता टाकीचा हिशोब मांडू. काम चालू असताना, म्हणजे तोंडातून हवा वाहत असताना, टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा दोन मीटर पाण्याइतका कमी आहे असं धरू. बाहेर ९.७, आत ७.७. उपसणाऱ्या पंपाला आधी ही दोन मीटरची तूट भरून काढायची आहे. नळीचं टोक मीटरभर उंच बेसिनमध्ये टाकलं असेल तर आणखी एक मीटर. झाले तीन. नळीतलं घर्षण वेगळंच. म्हणजे पाणी एका मीटरवर चढवायला पंपाला तीन मीटरचं काम पडतं.

आता कामगाराने तोंड गुळगुळीत फरशीवर सपाट टेकवलं असं समजा. हवा यायची वाट बंद झाली. चांगल्या यंत्रात अशा वेळी टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा सव्वातीन मीटरने घसरू शकतो. वरचा एक मीटर धरून झाले सव्वाचार. पंपाची कमाल ताकदच चार मीटरची असेल तर तो फिरेल, आवाज करेल आणि नळीतून थेंबही पडणार नाही. तोंड दोन-चार सेकंद हवेत उचलून धरलं की टाकीतला दाब सावरतो आणि तुंबलेलं पाणी भसाभस बाहेर पडतं. पंप बिघडलेला नव्हताच.

यात गरम पाण्याचा आणखी एक पेच आहे. ६० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे दोन मीटर पाण्याइतका असतो. पंपाच्या पंख्यापाशी दाब तितका खाली गेला तर पाणी उकळल्याशिवाय राहत नाही, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, फुटतात आणि पंखा झिजवतात. उघड्या टाकीत बाष्पदाब वजा जाता ७.७ मीटरचा दिलासा असतो, पण दाब सव्वातीन मीटरने घसरलेल्या टाकीत साडेचारसुद्धा उरत नाही. एरवी निभावतं, कारण गालिच्यातून हवेबरोबर येताना पाणी कोमट झालेलं असतं. ४० अंशांवर बाष्पदाब पाऊण मीटरवर येतो.

पंप थांबला की दुसरंच संकट. नळीचं एक टोक बाथरूममध्ये, दुसरं कमी दाबाच्या टाकीत. वातावरण नळीतलं घाण पाणी परत टाकीत ढकलणार आणि त्यामागून हवा घुसणार. हवा फुकट आत आली की गालिच्यापाशी जोर उरत नाही. म्हणून मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. बहुतेक वेळा ती रबराची एक झडप असते. बाहेर जाताना उघडते, उलट दाब आला की बसते.

आणि त्या झडपेखाली केस अडकतो. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, पण केस एकटा नसतो. तो गालिच्याची लव गोळा करतो, लवेत वाळूचे कण बसतात आणि झडप कायमची किलकिली राहते. गालिचा ओला राहतो आणि दोष मात्र मोटरच्या माथी मारला जातो.

गाळण्या असतात त्या यासाठी. त्या पाणी शुद्ध करत नाहीत. पंपाला आणि झडपेला जे पचत नाही तेवढंच त्या अडवतात. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण घ्या. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे तो संथ पाण्यात ३० सेंटिमीटर खाली बसायला जवळजवळ एक दिवस घेईल. तो खुशाल पंपातून जावा. ५० मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर सव्वादोन मिनिटांत उतरतो आणि बुडाशी साचतो. अडवायची ती वाळू, लव आणि केस. एक जाळीची टोपली टाकीच्या तोंडाशी, एक जाळी पंपाच्या तोंडाशी आणि एक बारीक गाळणी व्हॅक्यूम मोटरच्या आधी.

यातली कोणती तुंबली ते यंत्र स्वतःच सांगतं. टाकीच्या तोंडाशी असलेली टोपली लवेने भरली तर हवा आत येत नाही, मोटर मात्र उपसत राहते. टाकीतला दाब आणखी घसरतो आणि वरचा हिशोब पाहता पाणी उपसणारा पंपही हरतो. गालिचा ओला आणि टाकीही भरलेली. मोटरआधीची गाळणी तुंबली तर उलट. टाकीतला दाब वाढतो, पंप मजेत पाणी फेकतो, गालिचा मात्र ओलाच. दोन्ही वेळा मोटरचा आवाज चढतो, कारण रेटायला हवा कमी आणि फेरे जास्त. आवाज चढला म्हणजे यंत्र जोरात काम करतंय, असं समजून घरमालक खूश होतो!

फेसाने हे सगळं गणित बिघडतं. फेस इतका हलका असतो की तरंगणारा स्विच त्याने उचलला जात नाही आणि पंपालाही तो धरता येत नाही. तो सरळ मोटरपर्यंत चढतो. जाहिरातीत फेस छान दिसतो. कामगार मात्र टाकीत सिलिकॉनचं फेसमारक टाकतो.

आणि नकारात्मक ऊर्जा जावी म्हणून गालिच्यावर खडेमीठ पसरणाऱ्यांसाठी दोन शब्द. मीठ दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात कोल्हापुरात असा गालिचा वाळतच नाही. शिवाय ते मीठ पुढे पंपाच्या धातूच्या भागांवर गंज चढवतं. ऊर्जेचं पुढे काय होतं ते मोजायचं उपकरण वास्तुतज्ज्ञांनाच विचारा.

राहता राहिलं नळीचं टोक. ते ड्रेनेजला जोडलेल्या बाथरूममध्ये किंवा संडासात सोडावं, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नको. शहरातलं बरंच सांडपाणी जयंती नाल्यात येतं. तिथून ते उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेतात आणि जे उपसलं जात नाही ते पंचगंगेत मिसळतं. टोपलीत साठलेली लव आणि केस मात्र संडासातही टाकू नयेत. ती सुक्या कचऱ्यात जावी, कारण गालिचा नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर ती लव प्लास्टिकच असते.