लाल लुकलुक, पांढरी लखलख

इंदूरला बिजासनच्या टेकडीवर संध्याकाळी देवीचं दर्शन आटोपलं की निम्मे लोक लगेच खाली उतरत नाहीत. विमानतळाकडे तोंड करून उभे राहतात, पोरांना खांद्यावर घेतात आणि दिवे मोजत बसतात. माझ्या भाचीने तिथेच विचारलं, "मामा, लाल दिवा पण लुकलुकतो आणि पांढरा पण. मग दोन कशाला?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या भुट्टेवाल्याने निकाल लावून टाकला, "एक ही बात है भिया, एक खराब हो जाए तो दूसरा."

तसं नाही. पण भुट्टेवाल्याला दोष तरी कसा द्यावा? नियमांच्या पुस्तकातही दोघांना एकाच नावाखाली बसवलंय: टक्कर टाळण्याचे दिवे. वैमानिकांच्या बोलण्यात मात्र ते वेगळे आहेत. लाल तो बीकन, पांढरा तो स्ट्रोब. बीकन विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली असतो, स्ट्रोब पंखांच्या टोकांना आणि बहुधा शेपटीलाही. (पंखाच्या टोकाशी न लुकलुकणारा दिवाही असतो, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा. तो दिशा दाखवणारा. त्याला आज यात ओढत नाही.)

खरा फरक रंगाचा नाहीच. कोणाशी बोलायचं, हा आहे. बीकन जमिनीवरच्या माणसाशी बोलतो: इंजिन चालू आहे किंवा आत्ता चालू होणार आहे, लांब राहा. म्हणून तो इंजिन सुरू करण्याच्या आधी लागतो आणि इंजिन बंद होऊन पंख्याची गती उतरेपर्यंत विझत नाही. सामान चढवणारे, चाकाला ठोकळे लावणारे, इंधनवाले हे सगळे त्या लाल दिव्याकडे बघून पाऊल टाकतात. जेट इंजिन नुसतं संथ फिरत असलं, तरी समोर काही मीटरपर्यंत माणूस ओढला जाऊ शकतो. आणि भोवतीच्या गोंगाटात नेमकं कुठलं इंजिन चालू आहे, हे कानाला कळत नाही. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलून झाल्यावर एक तंत्रज्ञ असाच चालू इंजिनात ओढला जाऊन गेला. दिवा फक्त सांगतो, अडवत नाही.

सेसना या छोट्या विमानावर उडायला शिकत असताना बीकनचा आणखी एक उपयोग मला शिकवला गेला, तोही माझी फजिती होऊन. छोट्या विमानात बीकनचं बटण कधी बंदच करायचं नाही, सरळ चालू ठेवून द्यायचं, अशी अनेक जुन्या लोकांची सवय असते. का? तर मास्टर स्विच, म्हणजे विमानाच्या विजेचं मुख्य बटण, बंद करायला विसरलात, तर विमानाला पाठ करून निघाल्यावरही मागे लाल लुकलुक दिसत राहते. मी शहाणपणा करून बटण बंद केलं आणि मास्टर विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी ठार. मग दिवसभर जे ऐकून घेतलं, त्यात पोह्यावरच्या शेवेइतका तिखटपणा होता.

स्ट्रोबचं तसं नाही. तो लांबच्या माणसाशी बोलतो: आकाशातल्या दुसऱ्या विमानाशी, आणि मुख्य म्हणजे उतरायला येत असलेल्या वैमानिकाशी. जुने स्ट्रोब झेनॉनच्या नळीचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्लॅशचेच मोठे भाऊ. आता एलईडी आले, पण झटका तोच. एअरबस ए३२० चे स्ट्रोब बहुधा लागोपाठ दोन झटके देतात, बोइंग ७३७ चे एकच. भाचीला एवढं सांगितल्यावर ती पुढचा अर्धा तास "दोन! एअरबस!" असं ओरडत होती.

हा प्रखर दिवा टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, चालू ठेवणं म्हणजे लग्नाच्या मांडवात समोरच्याच्या डोळ्यांत टॉर्च मारत फिरणं. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, आणि ते घालवायला एक झटका पुरतो. आंतरराष्ट्रीय नियमांतही वैमानिकाला मोकळीक दिलेली आहे: बाहेरच्या माणसाचे डोळे दिपत असतील तर लुकलुकणारे दिवे बंद करा किंवा मंद करा. त्यामुळे पद्धत अशी पडली की टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालताना, बीकन चालू, स्ट्रोब बंद. धावपट्टीत शिरताना स्ट्रोब चालू, धावपट्टी सोडली की पुन्हा बंद.

आणि "धावपट्टीत शिरताना" म्हणजे फक्त उड्डाणासाठी नव्हे. नुसती धावपट्टी ओलांडून पलीकडे जायचं असेल तरी. जिथे समांतर टॅक्सीवे नसतो, तिथे विमान धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने चालत टोकापर्यंत जातं आणि वळतं. त्या सबंध वेळातही. मला वाटतं विसर पडतो तो इथेच, कारण "आपण अजून कुठे उडतोय" असं मनात असतं.

ए३२० मध्ये तर यात एक सापळाच आहे. स्ट्रोबच्या बटणाला तीन जागा असतात: ऑन, ऑटो, ऑफ. ऑटोवर ठेवलं की चाकांवरचा भार उतरल्यावर, म्हणजे विमान हवेत गेल्यावर, स्ट्रोब आपोआप लागतात. सोय उत्तम. पण धावपट्टीवर थांबलेल्या विमानाची चाकं जमिनीवरच असतात, म्हणजे ऑटोवर स्ट्रोब बंदच. ज्या घडीला त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हा. म्हणून धावपट्टीत शिरताना हाताने ऑन करावं लागतं.

मागून उतरणाऱ्याला हे थांबलेलं विमान कसं दिसत असेल, याचा विचार करा. शेपटीचा दिवा पांढरा आणि स्थिर. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे आणि स्थिर. मध्यरेषेचे दिवे असतील तर तेही बहुतेक पांढरेच, शेवटच्या टप्प्यात तेवढे लाल. त्या ठिपक्यांच्या रांगोळीत आणखी एक ठिपका. १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला हेच झालं. टॉवरमधल्या नियंत्रकाने मेट्रोलायनर नावाच्या एका छोट्या विमानाला धावपट्टीवर थांबायला सांगितलं, मग ते तिथे असल्याचा विसर पडला आणि मागून येणाऱ्या बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली. बोइंगच्या सहवैमानिकाला पुढचं विमान दिसलं ते नाकाचं चाक खाली टेकवताना, आपल्याच दिव्यांचा उजेड त्याच्या पंख्यांवर चमकला तेव्हा. मेट्रोलायनरमधले बाराही जण गेले, बोइंगमधलेही बरेच. मूळ चूक टॉवरच्या कामाच्या पद्धतीत होती, पण टकरीच्या आधीची शेवटची संधी डोळ्यांचीच होती. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पुन्हा तसंच: धावपट्टीवर थांबलेलं तटरक्षक दलाचं डॅश ८, त्यावर उतरलेलं ए३५०. मोठ्या विमानातले ३७९ जण बाहेर पडले, छोट्यातल्या सहापैकी पाच जण वाचले नाहीत. नुसत्या दिव्यांनी हे सगळं थांबतं असं कोणी म्हणू नये, पण लुकलुकणारी गोष्ट स्थिर ठिपक्यांत उठून दिसते, एवढं खरं.

लँडिंग लाइटचा, म्हणजे समोर झोत टाकणाऱ्या प्रखर दिव्याचा, इथे ओझरता उल्लेख करतो, कारण तोही एक निरोप आहे. बऱ्याच ठिकाणची पद्धत अशी, की धावपट्टीवर रांगेत उभं राहताना बाकी सगळे दिवे लावायचे, लँडिंग लाइट मात्र उड्डाणाची परवानगी मिळाल्यावरच. म्हणजे तो लागला की बघणाऱ्याने समजावं, हे आता सुटणार. प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात थोडा फरक असतो, पण अर्थ साधारण हाच.

हवेत असताना स्ट्रोबला सुट्टी फक्त ढगात किंवा दाट धुक्यात. तिथे प्रत्येक झटका भिंतीवर आपटल्यासारखा परत डोळ्यांत येतो आणि कधी कधी दिशेचं भानही डळमळतं. तेव्हा सुरक्षेसाठी तो बंद करायची मुभा असते. बीकनचा उजेडही परततो, पण त्याचा त्रास कमी.

त्या संध्याकाळी एक विमान उतरलं. धावपट्टीवर असेपर्यंत पांढरे झटके दोन-दोन, मग ते बाजूला वळलं आणि पांढरं विझलं. लाल तेवढं लुकलुकत इमारतीकडे गेलं, थांबलं, तरी लुकलुकतच होतं. "मामा, थांबलं की! मग बंद का नाही करत?" मी म्हटलं, बघ. बऱ्याच वेळाने लाल विझलं, आणि मगच खालची छोटीशी गाडी त्याच्या पोटाशी गेली.