धुऱ्यावरचा पळस आणि साडेनऊ विदर्भ

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाचा एक खुंट आहे. दर उन्हाळ्यात कोणीतरी तो छाटतं, बरेचदा मीच. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याला पाच-सात धुमारे फुटतात आणि हातभर अंतरावर मुळातूनच एखादं नवं रोप वर येतं. धुऱ्यापलीकडच्या झुडपी जंगलात तेंदूचं तेच, ऐनाचं तेच.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशोदेशीची जंगलं मोजते, तेव्हा असं आपोआप उगवलेलं जंगल एका रकान्यात लिहिते आणि माणसानं लावलेलं दुसऱ्या. आपोआप उगवलेल्या झाडाच्या खुंटाचे धुमारेही पहिल्याच रकान्यात जातात. जंगल म्हणायला मात्र किमान अर्धा हेक्टर जागा, पाच मीटरपर्यंत वाढू शकणारी झाडं आणि 10 टक्क्यांहून जास्त सावली लागते. आमचा एकटा पळस तिथेच नापास!

बाजारात सोयाबीन पडलं की गावात ब्राझीलचं नाव निघतंच, म्हणून मी तुलनेला तोच देश घेतला. या संघटनेच्या 2020 च्या अहवालात ब्राझीलच्या जंगलापैकी जवळपास 98 टक्के आपोआप उगवलेलं, भारतात 82 टक्क्यांच्या आसपास. एवढंच वाचलं तर ब्राझील जिंकला. पण टक्केवारी फसवी असते. 1990 मध्ये ब्राझीलकडे सुमारे 58.9 कोटी हेक्टर जंगल होतं, 2020 मध्ये 49.7 कोटी उरलं. तीस वर्षांत सव्वानऊ कोटी हेक्टर गेलं, म्हणजे साडेनऊ विदर्भ. भारताचं सगळं जंगल मिळून 7.2 कोटी हेक्टर, त्याहूनही हे जास्त. आधी गुरांची कुरणं झाली, मग काही ठिकाणी सोयाबीन आलं. एकट्या 2004 साली ॲमेझॉनमध्ये 27 हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तुटलं. मग उपग्रहावरून पाळत आणि कडक कारवाई सुरू झाली, तेव्हा 2012 पर्यंत हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास उतरला.

भारताचं एकूण जंगल त्याच तीस वर्षांत 82 लाख हेक्टरनं वाढलं. छान वाटतं ना? आता रकाने वेगळे करा. लावलेलं जंगल 57 लाखांवरून 1 कोटी 33 लाखांवर गेलं, आपोआप उगवलेलं 5.82 कोटींवरून 5.89 कोटींवर. वाढ जेमतेम सात लाख हेक्टर, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. वाढ झाली ती जवळजवळ सगळी लागवडीची.

मला स्वतःला या पहिल्या रकान्याचाच जास्त संशय येतो. ब्राझीलमध्ये सोडून दिलेल्या कुरणावर दहा वर्षांत माजलेलं रान आणि शेकडो वर्षांचं घनदाट अरण्य, दोन्ही त्यात एकाच भावानं मोजली जातात. व्याख्येचा खेळ आपल्याकडेही चालतोच. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल खरंच जंगल की पडीक, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये मिटवला: ते वनच.

शिवाय उभं जंगल म्हणजे उगवतं जंगल नव्हे. आमच्याकडचे मोह बघा. झाडं आजोबांच्या वेळची, पण खाली पोर नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्चमध्ये खालचा पाचोळा जाळतात आणि त्यात मागच्या पावसातली रोपं होरपळतात. मोहाचं बी साठवून टिकत नाही. पडल्यावर लवकर रुजलं तर रुजलं. रकान्यात हे कुठेच दिसत नाही, झाड उभं आहे तोवर जंगल उभं.

शेजारच्या मावशीनं यंदा जाळायचं सोडून एका मोहाखाली जुनी लुगडी अंथरली. पोळ्याच्या सुमारास मी तिथे वाकून मोजलं, तर नऊ रोपं होती. दहाव्याची नुसती काडी उरली होती, पानं शेळीनं खाल्लेली.