बोगद्याभोवतीचा कातळ जसाच्या तसा राहतो का?

‘अणुकचरा खोल कातळात पुरला की झालं, बोगद्याभोवतीचा खडक अभंगच राहतो,’ हा मजकूर कोकणात वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे; आपला काळा कातळ कुदळीला दाद देत नाही.

पण खोलवरच्या खडकावर वरच्या थरांचा प्रचंड भार असतो. पोकळी झाली की तो भार भोवतालच्या खडकावर सरकतो, आणि तिथे चिरा पडतात. सुरुंगाने जास्त, यंत्राने कापल्यास कमी. पाणी नेमकं त्यातूनच वाट काढतं. म्हणूनच असे बोगदे फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीने भरायची योजना असते. चिकणमातीच्या खडकात चिरा हळूहळू मिटू शकतात. ग्रॅनाइटमध्ये तसं होत नाही.

पडताळायचंय? सुरुंग लावून फोडलेल्या कातळावर हातोडी मारा. घट्ट खडक खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो.