एव्रोतास नदीचं खोरं (ग्रीस)

एव्रोतास ही दक्षिण ग्रीसमधल्या लॅकोनिया भागातली नदी, लांबी जेमतेम ८२ किमी. पश्चिमेला सुमारे २,४०० मीटर उंच ताइगेतोस पर्वत, पूर्वेला त्याच्याहून ठेंगणा पार्नोन, आणि मधल्या सुपीक पट्ट्यात स्पार्टा हे प्राचीन शहर. डोंगरांचा आधार म्हणा किंवा स्पार्टन लोकांचा माज म्हणा, शहराला कित्येक शतकं तटबंदीच नव्हती.

स्पार्टा म्हटलं की सगळ्यांना पर्शियन फौजेविरुद्धची थर्मोपिलीची लढाई (इ.स.पू. ४८०) आणि तिथे लढलेला स्पार्टाचा राजा लिओनिडास आठवतो, पण हे लढवय्ये स्वतः शेतात राबत नव्हते, इथली जमीन कसायचे ते हेलॉट, म्हणजे जमिनीला जखडलेले वेठबिगार, आणि पिकातला ठरलेला वाटा मालकाच्या घरी जायचा. खरं तर खोऱ्याचा इतिहास यांच्याच घामाचा आहे, पण त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय ते सगळं दुसऱ्यांनीच.

बघायला जाणाऱ्यांची थोडी निराशा होते. थुसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की हे शहर ओस पडलं आणि फक्त देवळं आणि पाये उरले तर पुढच्या लोकांना याच्या ताकदीवर विश्वास बसणार नाही, आणि झालंही तसंच. नदीकाठी आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या देवळाचे अवशेष आहेत, तिथे पोरांना चाबकाने फोडून काढायचा विधी चालायचा आणि रोमन काळात तर तो बघायला खास बैठका बांधल्या होत्या! जवळच डोंगरउतारावर मिस्त्रास हे मध्ययुगीन शहर आहे, तिथला किल्ला १२४९ चा, ते मात्र बघण्यासारखं आहे. आजचं स्पार्टा गाव १८३४ मध्ये ग्रीसचा राजा ओटो याच्या हुकमाने नव्याने वसवलेलं.

ऑलिव्ह इथे सगळीकडे, अगदी प्राचीन अक्रोपोलिसच्या (शहरातल्या टेकडीवरच्या जुन्या भागाच्या) अवशेषांमध्येसुद्धा झाडं उभी आहेत. तेलासाठी मुख्य जाती कोरोनेइकी आणि अथिनोलिया. कोरोनेइकीचं फळ बारीक असतं पण तेल भरपूर देतं. साधारण नोव्हेंबरपासून तोडणी, झाडाखाली जाळी अंथरायची आणि काठीने किंवा मशीनच्या दात्यांनी फांद्या झोडपायच्या, मग माल लवकरात लवकर घाण्यावर, कारण फळ पडून राहिलं की तेलाला आंबूस वास येतो. स्पार्टात ऑलिव्हचं वेगळं म्युझियमसुद्धा आहे.

सखल भागात संत्र्याच्या बागा आहेत, त्यांना पाणी खूप लागतं. उपसा वाढल्यामुळे उन्हाळ्यात नदीचे काही पट्टे कोरडे पडतात आणि फक्त याच भागात सापडणारे काही मासे त्यामुळे धोक्यात आलेत.