पंखा मोठा, तरी प्रोसेसर तापलेलाच

जुना संगणक ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे प्रोसेसर ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, म्हटले की बहुतेकांचे पहिले लक्ष पंख्याकडे जाते. पंखा जितका मोठा तितका प्रोसेसर थंड, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे, आणि 2012 मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय7-3770के हा प्रोसेसर त्याचे उत्तम उदाहरण ठरतो.

प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 3.5 गिगाहर्ट्झवरून 4.5 वर जाताना स्थैर्यासाठी व्होल्टेज 1.1 वरून 1.25 करावे लागले असे मानू. मग शक्ती वारंवारतेमुळे 1.29 पट आणि व्होल्टेजच्या वर्गामुळे पुन्हा 1.29 पट, म्हणजे एकूण सुमारे 1.66 पट होते, आणि 77 वॅटचा प्रोसेसर 128 वॅटच्या घरात पोहोचतो. ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा गळतीचा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो, तो यात धरलेलाच नाही.

ही उष्णता हवेत जाण्यापूर्वी सिलिकॉनचा तुकडा, त्यावरील उष्णतावाहक पेस्ट, धातूचे झाकण, पुन्हा पेस्ट आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा, पंख्याखालचा धातूचा ठोकळा) असा प्रवास करते. प्रत्येक टप्प्याला औष्णिक रोध असतो, आणि एकापाठोपाठ जोडलेल्या विद्युत रोधांप्रमाणे या सर्वांची बेरीज होते. रोधाला वॅटने गुणले की त्या टप्प्याच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरक मिळतो. आधीच्या पिढीतील आय7-2600के मध्ये झाकण सिलिकॉनला डाख देऊन जोडलेले होते. 3770के मध्ये त्या जागी पेस्ट आली. या प्रोसेसरच्या सिलिकॉनचे क्षेत्रफळ 160 चौरस मिलिमीटर आहे. पेस्टची वाहकता मीटर-केल्व्हिनमागे 5 वॅट आणि थर 0.15 मिलिमीटर जाड धरला, तर रोध वॅटमागे 0.19 अंश येतो. म्हणजे 128 वॅटला या केसाएवढ्या थरातच 24 अंश अडकतात. थर 0.05 मिलिमीटर केला, तर तोच फरक 8 अंशांवर येतो. उलट, उत्तम पंख्याने हीटसिंकचा रोध 0.20 वरून 0.15 केला, तर वाचतात जेमतेम 6 अंश. शिवाय उष्णता सिलिकॉनभर सारखी पसरत नाही, ती गणना करणाऱ्या गाभ्यांजवळ (कोअर) एकवटते, त्यामुळे प्रत्यक्षातील चित्र याहून वाईट असते.

वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सिलिकॉन आणि झाकण कमी-जास्त प्रसरण पावतात, पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि रिकाम्या जागी हवा शिरते. हवेची वाहकता 0.026, म्हणजे पेस्टच्या जवळजवळ दोनशेवा हिस्सा. डब्यावर ‘नॅनो’ किंवा ‘हिरा’ असे लिहिलेली पेस्ट जाड थापल्याने हा हिशेब बदलत नाही. पेस्टचे काम सूक्ष्म खाचांतून हवा हुसकावण्याचे आहे, भिंत उभारण्याचे नव्हे.

यावर हौशी लोक झाकणच उघडतात. त्याला ते ‘डीलिड’ करणे म्हणतात. झाकणाच्या कडेचा जुना गोंद खरवडला की झाकण सिलिकॉनच्या अधिक जवळ बसते, आणि खरा लाभ बऱ्याचदा नव्या पेस्टपेक्षा या जवळीकीतून मिळतो. पेस्टऐवजी गॅलियमचा द्रवधातू वापरणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तो विद्युतवाहक असल्यामुळे आजूबाजूला सांडल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते, आणि ॲल्युमिनियमला तो पोखरतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला त्याचा स्पर्शही होता कामा नये.