स्टेरॉइड: सुरू करणं सोपं, थांबवणं अवघड

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. 1950च्या दशकापर्यंत यावर भरवशाचं औषध नव्हतं. 1955 साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी एका चाचणीचे निष्कर्ष मांडले. काही रुग्णांना सहा आठवडे कॉर्टिझोन हे स्टेरॉइड, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. कॉर्टिझोनवाल्यांपैकी सुमारे 41 टक्के लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या गटात 16 टक्के. औषध चालतं, हे तिथे ठरलं.

आज बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, बऱ्याचदा दिवसाला 40 मिलिग्रॅम. हे औषध पेशीत शिरतं, केंद्रकापर्यंत जातं आणि सूज पेटवणारी रसायनं बनवणारी जनुकं दाबून टाकतं. आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं, भूक लागते. रुग्णाला वाटतं, बरा झालो. खरी परीक्षा इथूनच सुरू होते.

कारण स्टेरॉइड भडका शमवतं, पण तो पुन्हा उठू नये म्हणून राखण करत नाही. कमी मात्रेत रोज घेऊन आजार दूर राहतो का, हेही 1960च्या दशकात तपासलं गेलं; उपयोग दिसला नाही. वाढतात ते दुष्परिणाम: साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडं, गोल सुजलेला चेहरा, उडालेली झोप.

म्हणून गोळी बंद करायची, पण एकदम नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. मध्येच गोळी सोडली तर अशक्तपणा, मळमळ, रक्तदाब घसरणं असं काहीही होऊ शकतं. डॉक्टर म्हणूनच दर आठवड्याला साधारण 5 मिलिग्रॅम उतरवत नेतात आणि राखणीचं काम मेसालामाइन किंवा अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या औषधांकडे सोपवतात. सौम्य ते मध्यम आजारात ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडची खास गोळीही असते. ती मोठ्या आतड्यात विरघळते आणि रक्तात गेलेला बहुतेक भाग यकृत निकामी करतं, त्यामुळे अंगभर त्रास कमी.

आपल्याकडे आणखी एक पथ्य. अमिबामुळे होणारी रक्ती आव वरवर अशीच दिसते, आणि तिच्यात स्टेरॉइड दिलं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्यामुळे आधी शौचाची तपासणी, शक्यतो दुर्बिणीने आतडं पाहणं, आणि दबलेल्या क्षयाची चौकशी. मात्रा कमी करताना दर वेळी रक्त पुन्हा दिसू लागलं, तर उपचारच बदलायची वेळ आली आहे. तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणखी एक पट्टी आणणं सगळ्यात वाईट.