शेवंडीचं डोकं टाकण्याआधी

मुंबईच्या ससून डॉकवरून शेवंड (लॉबस्टर) घरी आली की शेपटीचं मांस कढईत जातं आणि पुढचा भाग बहुतेक वेळा कचऱ्यात. खरं तर तो प्राणी जवळजवळ सगळा त्या टाकलेल्या भागातच असतो. शेपटीत मुख्यतः स्नायू. पाठीकडून जाणारा काळा दोरा म्हणजे आतडं, आणि पोटाकडून जाणारी पांढरट दोरी मज्जातंतूंची.

मुंबईच्या गढूळ पाण्यात सापडते ती पॅन्युलिरस पॉलिफॅगस ही जात. गोड्या पाण्यातल्या क्रेफिशची ही समुद्रातली नातेवाईक. पण क्रेफिशसारख्या जाड नांग्या हिला नाहीत. काटे आणि लांब मिशा एवढंच तिचं हत्यार. मिशांची बुडं डोळ्यांखालच्या पट्टीवर घासून ती करकर आवाज काढते. कात टाकल्यावर कवच मऊ असतं, तेव्हाही.

पाठीचं कवच उचललं की मागच्या बाजूला हृदय दिसतं. त्यातून निघालेलं रक्त शेवटी अवयवांभोवतीच्या मोकळ्या जागेत उतरतं, कल्ल्यांतून फिरतं आणि हृदयाच्या छिद्रांतून परत आत शिरतं. त्यात लोहाऐवजी तांबं असल्याने ऑक्सिजन मिळाला की ते निळसर दिसतं. हृदयाच्या पुढे जठर, आणि जठरात चक्क दात! तोंडाने तोडलेले शिंपल्यांचे तुकडे इथे जात्यात भरडावेत तसे भरडले जातात. मूत्र बाहेर पडतं ते मिशांच्या बुडाशी, म्हणजे चेहऱ्यावरूनच.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तोल सांभाळणारा अवयव. लहान मिशांच्या बुडाशी एक पिशवी असते, तिच्यात वाळूचे कण. कण ज्या केसांवर टेकतात ती बाजू खालची. कात टाकताना कणही जातात, मग नवी वाळू आत घ्यावी लागते. 1893 साली क्रायडल या शास्त्रज्ञाने कोळंबीच्या एका जातीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला आणि वर लोहचुंबक धरला. कोळंबी उलटी झाली!

मादी ओळखायची तर पायांची शेवटची जोडी पाहावी: टोकाला छोटा चिमटा असतो. नराने छातीवर चिकटवलेली शुक्राणूंची पुडी ती या चिमट्याने खरवडते आणि अंडी शेपटीखालच्या पात्यांना चिकटवून वागवते. अशी केशरी अंड्यांची शेवंड विकत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. या जातीची 300 ग्रॅमपेक्षा हलकी शेवंड निर्यात करायला 2003 पासून बंदी आहे. अंड्यांतून निघणारी पिल्लं पारदर्शक, पानासारखी चपटी असतात आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात तरंगतात. टाकीत त्यांना इतके दिवस जगवणं फार अवघड. म्हणून शेवंडीची शेती जिथे होते तिथेही पिल्लं मुख्यतः समुद्रातूनच पकडून आणावी लागतात.